थोरलीचा घास

नदीवरच्या नावेचा दोर भर दुपारी तुटला आणि उन्हं कलायच्या आत नावाडी दोरवाल्यांच्या दारात येऊन बसला. ही नाव वल्ह्यांवर चालत नव्हती. दोन काठांवर ताणलेल्या जाड दोराला धरून नावाडी ती अलीकडून पलीकडे ओढत न्यायचा. दोर गेला म्हणजे नाव गेली, आणि नाव गेली म्हणजे पलीकडचा बाजार गेला.

"नाव भरलेली होती," नावाडी सांगत होता. "माणसांनी नुसता कालवा केला. वर एक म्हैस होती, ती तेवढी शहाण्यासारखी उभी राहिली."

"कुणी बुडालं तर नाही ना?" सासूनं विचारलं.

"आता बुडायला पाणी आहे कुठं? पण नदी चढायच्या आत मला दोर पाहिजे. मनगटाएवढा जाड, तीन पेडी. आणि सूत थोरल्या वहिनीच्या हातचं पाहिजे, हे आधीच सांगून ठेवतो."

थोरली म्हणजे घरातली मोठी सून. तिला सगळं गाव थोरलीच म्हणायचं. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या. घरात आता सासू, थोरली नि तिचा नवरा, धाकटा दीर आणि त्याची बायको धाकटी, एवढीच माणसं. घरामागं लांबच लांब आवार होतं. त्याच्या एका टोकाला लाकडी चाक, चाकाला लोखंडी आकडे. नवरा चाक फिरवायचा. थोरली कमरेभोवती अंबाडीचा वाख गुंडाळून, त्यातली चिमूटभर आकड्याला अडकवून, उलट्या पावलांनी मागं मागं चालत जायची आणि तिच्या बोटांतून सूत निघत जायचं. तिच्या सुताला कुठं गाठ नाही, कुठं फुगवटा नाही. लोक म्हणायचे, थोरलीला डोळे पाठीला आहेत आणि अक्कल बोटांत आहे.

नावाडी दोराचं बोलून उठायला लागला तसं सासूनं त्याला हात धरून बसवलं. सकाळी मटण शिजवलेलं होतं, भट्टीतला जाड पाव होता. "कामाचं तोंड गोड नाही तर निदान तिखट तरी करून जा," ती म्हणाली.

"वहिनींनाही बसवा मग," नावाडी म्हणाला. "ज्यांच्या हाताचा दोर, त्यांच्याबरोबर घास खाल्ला म्हणजे मला बरं वाटेल."

माणसांत बसून जेवणं थोरलीनं कधीच बंद केलं होतं. सगळ्यांची पानं झाली की ती चुलीपाशी पाठ करून बसायची. पण पाहुण्यासमोर नाही कसं म्हणणार? ती बसली. पावाचा तुकडा तिनं रश्श्यात बुडवला, पुन्हा बुडवला, तोंडात घालून चावत राहिली. नावाडी बोलत होता, दीर हसत होता. तिनं तेवढ्यात गिळलं. घास गळ्याच्या खळगीपर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला.

तिला श्वास येत होता, पण घास खाली जाईना की वर येईना. तिनं पाणी प्यायलं तर पाणीही परत आलं. डोळ्यांतून धारा लागल्या. ती तोंडावर हात दाबून उठली, मागच्या भिंतीशी गेली आणि वाकून घसा खरवडत राहिली. आतलं बोलणं थांबलेलं तिला ऐकू येत होतं. मग सासूचा आवाज आला.

"तसं काही नाही. हिचं हे असंच. खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी."

घास बाहेर पडला. मातीवर पडलेला तो ओला तुकडा थोरलीनं पायानं झाकला.

हे एकदम झालेलं नव्हतं. आधी मटण अडायला लागलं, तेव्हा ती म्हणाली मला मटण आवडेनासं झालं. मग पाव अडला, तेव्हा ती पाव चहात भिजवून खाऊ लागली. सफरचंदाची साल, भाजलेला दाणा, कोरडं अंडं, एकेक वस्तू तिच्या ताटातून निघून गेली. कोरडा भातही आता घशाशी रेंगाळायचा. राहिली ती पातळ पेज, कुस्करलेला बटाटा आणि दूध. जिभेची सालटं निघाल्यासारखी जीभ गुळगुळीत लाल झाली होती. ओठांचे कोपरे फाटले होते, जांभई दिली तरी रक्त यायचं. वाखाची मूठ घेऊन ती आवाराच्या पलीकडच्या टोकाला पोचेस्तोवर छातीत धडधड व्हायची.

पण तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. त्याला कारण होतं. तिची सख्खी मावशी अशीच गेली होती. आधी घास अडला, मग पेज अडली, शेवटी पाण्याचा थेंब उतरेना. थोरलीनं लहानपणी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. मावशीला पलीकडच्या दवाखान्यात नेलं, तिथं रोगाचं नाव सांगितलं, आणि नाव कळलं त्या दिवसापासून घरातली माणसं मावशीशी हळू आवाजात बोलायला लागली. थोरलीला मरणाची भीती होतीच, पण त्या हळू आवाजाची जास्त होती. ज्याचं नाव घेतलं नाही तो रोग झाला नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती तर सांगण्यासारखीच नव्हती. तिला माती खावीशी वाटायची. चुलीमागच्या भिंतीचा पोपडा तिला खुणावायचा. माती जिभेवर विरघळते, ती कुठं अडत नाही. त्या चवीनं तिच्या अंगावर सुखाचा काटा यायचा आणि पाठोपाठ स्वतःची किळस यायची.

नावेच्या दोराचं काम सुरू झालं. वारा कोरडा होता, वाख ठिसूळ व्हायचा, म्हणून धाकटी पाणी शिंपडून तो विंचरून द्यायची. चाक करकरत फिरायचं. सूत कातणारी उलटी चालते, त्यामुळं तिचं तोंड सतत चाकाकडं असतं, आणि चाक फिरवणाऱ्याचं तोंड तिच्याकडं. थोरली नि तिचा नवरा दिवसभर असे एकमेकांकडं बघत असायचे आणि त्यांच्यामधलं सूत लांबत जायचं. नवरा मुळात कमी बोलणारा. थोरली अर्ध्यात थांबली की तो चाक थांबवायचा, ती चालू लागली की फिरवायचा. का थांबलीस, हे त्यानं विचारलं नाही. मात्र ती पलीकडच्या टोकाला पोचली की तो उगाच आकड्यांना तेल घालत बसायचा, म्हणजे तिला दम खायला मिळेल.

दीर तसा नव्हता. तो वाईट नव्हता, पण दोराची वेळ त्याच्या डोक्यावर बसली होती. नावाडी एकदा सूत बघायला आला. सुताचा वेढा त्यानं मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि बोटांतून सूत सरकवत गेला. एका जागी बोटं थांबली. पुढं पुन्हा थांबली.

"इथं पोट सुटलंय," तो म्हणाला. "आणि इथं मान आवळलीय. वहिनी, हे तुमचं नाही."

"माझंच आहे," थोरली म्हणाली.

नावाडी खाली बघून म्हणाला, "मग असू दे." ते असू दे तिला शिवीपेक्षा लागलं.

तो गेल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, उद्यापासून सूत धाकटी काढेल. तुम्ही वाख विंचरा. बसून करायचं काम आहे, झेपेल तुम्हाला."

वाख विंचरणं हे घरात नव्या सुनेचं काम. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तिनं ते केलं होतं, धाकटी आल्यावर सोडलं होतं. आता ती पुन्हा खिळ्यांच्या फळीसमोर जाऊन बसली. वाखाची धूळ नाकातोंडात जायची, आधीच सोलवटलेल्या घशाला झोंबायची. समोर धाकटी तिच्या जागी उलटी चालत होती, दर चार पावलांना मागं वळून बघत होती, आणि सूत तुटत होतं.

"मागं बघू नकोस," थोरली बसल्या जागेवरून म्हणाली. "टाच आधी टेकव. टाचेला जमीन कळते."

"मला येतं, जाऊबाई," धाकटी फणकारली. रागाचं मूळ वेगळंच होतं. घरातलं निम्मं दूध थोरलीच्या पोटात जात होतं. दिवसभर चालायचं धाकटीनं आणि दूध प्यायचं बसणाऱ्या बाईनं, हे तिला डाचत होतं. त्या दुपारी तिनं दुधाचं भांडं चुलीवरून उचललं आणि सगळ्यांच्या चहात ओतून टाकलं. थोरलीच्या वाटीत कोरडा पाव ठेवला.

"आज सगळे एकच खाऊ," ती म्हणाली.

थोरली वाटी घेऊन चुलीमागं गेली. पोटात कावळे कोकलत होते. पाव चुरडून चुरडून तिनं त्याचा भुगा केला, पाण्यात कालवला, तरी एक घास अडलाच. तो बाहेर काढून ती भिंतीला टेकून बसली आणि नकळत तिचा हात पोपड्याकडं गेला. मातीचा तुकडा तोंडात घातला, आणि वर बघते तो सासू दारात उभी.

सासू म्हणजे मिरचीचं झाड. तिच्यापुढं बोलायची दोन्ही मुलांची टाप नव्हती. आता ही सगळ्या घराला ओरडून सांगणार, असं थोरलीला वाटलं. पण सासू आत आली, गुडघ्यावर हात टेकत खाली बसली, आणि तिनं वाटीतला पावाचा भुगा बोटानं ढवळून पाहिला.

"हे माझ्यासमोर खा," ती म्हणाली.

"आई, नको."

"खा म्हणते ना."

थोरलीनं चिमूटभर उचललं. चावलं, पुन्हा चावलं, गिळलं. सासूचे डोळे तिच्या गळ्यावर होते. गळ्याची शीर ताठ झाली, खांदे वर गेले, डोळ्यांत पाणी आलं, हात आपोआप पाण्याकडं गेला. घास या वेळी उतरला, पण खडबडीत दगड गळ्यातून जावा तसा उतरला.

सासूनं वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "हे चोचले नव्हेत."

"नाही."

"कधीपासून?"

"धाकटीचं लग्न झालं त्याच्या आधीपासून."

"आणि तू गप्प? मी तुला भरल्या घरात काय काय बोलले, ते ऐकत राहिलीस?"

तेव्हा थोरलीनं मावशीचं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. पेज अडली इथपर्यंत तिनं नीट सांगितलं, पुढचं मात्र सांगता येईना. सासूनं तिचा हात हातात घेतला होता. नखांवरून तिचा अंगठा फिरत होता. नखं मध्ये खोलगट झाली होती, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील अशी, आणि त्यांचा रंग कागदासारखा पांढरा.

"तुझ्या मावशीचं तुझ्या मावशीपाशी," सासू शेवटी म्हणाली. "तुला तेच झालंय हे तुला कुणी सांगितलं? तूच फिर्यादी, तूच न्यायाधीश. उद्या दवाखान्यात जायचं."

"नावेचं काम?"

"नावाड्याला पोहता येतं."

संध्याकाळी तिनं सगळ्यांना समोर बसवलं. दीर म्हणाला, वेळ निघून जाईल, दोर झाल्यावर नेऊ. सासूनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. हिचा सुंभ जळत आलाय आणि तरी ही पीळ देत बसलीय. आपण बघत बसायचं का?" दीर खाली बघू लागला. धाकटी उठून आत गेली. तिला दुधाचं भांडं आठवलं असावं.

नवरा तेवढा म्हणाला, "मला दिसत होतं." आणि थोड्या वेळानं, "विचारायला धजत नव्हतो."

नाव बंद, म्हणून नदीला लांबून वळसा घालणाऱ्या बसनं जावं लागलं. थोरली, नवरा आणि सासू. सासूला कुणी ये म्हटलं नव्हतं, तीच पहाटे चपला घालून दारात तयार. बसमध्ये ती सगळ्या वाटेत शेजारणीला आपल्या गुडघ्यांबद्दल सांगत होती, आणि थोरलीला ते बरं वाटत होतं. कुणीच हळू बोलत नव्हतं.

डॉक्टरीणबाई ठेंगणी, घाईची आणि खणखणीत आवाजाची होती. तिनं आधी घसा पाहिलाच नाही. खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं पाहिली, ओठांचे कोपरे पाहिले.

"महिन्याला अंगावरून जास्त जातं का?"

थोरलीनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. "धाकट्या मुलीच्या वेळेपासून," ती म्हणाली.

"माती, खडू, कच्चे तांदूळ, असं काही खावंसं वाटतं?"

सासूनं उत्तर दिलं, "भिंत खाते. आणखी थोडे दिवस थांबलो असतो तर घराला खिडकी पडली असती."

डॉक्टरीणबाई हसली नाही, पण तिनं मान वर करून सासूकडं नीट बघितलं. मग थोरलीला म्हणाली, "त्यात लाजण्यासारखं काही नाही. अंगातलं लोह संपलं की असं होतं. घशाचंही त्यातूनच झालेलं असू शकतं. पण मला आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

रक्त काढलं. पांढरं, खडूसारखं पाणी प्यायला देऊन ते घशातून कसं उतरतं ते पडद्यावर पाहिलं. दुसऱ्या दिवशी घशात बधिर करणारा फवारा मारला, एका कुशीवर झोपवलं आणि एक बारीक लवचिक नळी तोंडातून आत सरकवली. थोरली अर्धवट गुंगीत होती. मावशी डोळ्यांसमोर येत होती. तिनं डाव्या हातानं खाटेची कड घट्ट धरली होती, आणि ज्या हातानं आयुष्यभर वाख धरला त्या उजव्या हातात नवऱ्याचं बोट होतं. त्याला आत येऊ दिलं होतं ते सासूनं दारात भांडण काढलं म्हणून.

जाग आली तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेशी उभी होती.

"ऐका," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "अन्ननळीच्या वरच्या तोंडाशी पातळ पडदा धरला होता. अर्धी वाट त्यानंच अडवली होती. तुमचा घास त्याच्यावर जाऊन बसायचा. आम्ही तो फोडला आणि वाट रुंद केली. गाठ नाही, जखम नाही. जे तुमच्या मनात आहे, ते मला तिथं दिसलं नाही."

"मनात काय आहे ते तुम्हाला काय माहीत?" थोरलीचा आवाज घोगरा निघाला.

"तुमच्या सासूबाईंनी सगळ्या दवाखान्याला सांगितलंय. एक बारीक तुकडा तपासायलाही पाठवला आहे, म्हणजे तुमची आणि माझी खात्री. आता लोह शिरेतून देऊ, पुढं गोळ्या. जास्त जातं त्यावरही औषध. आणि मधूनमधून मला घसा दाखवायला यायचं, हे विसरायचं नाही. पडदा पुन्हा धरू शकतो."

त्या संध्याकाळी तिला मऊ भात दिला. नवऱ्यानं वाटी पुढं धरली. थोरलीनं चमचा तोंडाजवळ नेला आणि थांबली. घसा हुळहुळत होता, आत खरचटल्यासारखं वाटत होतं. तिनं सवयीनं दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेतला, घास चघळला, डोळे मिटले आणि गिळला.

काहीच झालं नाही.

तिनं डोळे उघडले. गळ्याच्या खळगीवर बोट ठेवून पाहिलं. घास तिथं नव्हता. तो कधीच खाली गेला होता, न सांगता, न विचारता. तिनं दुसरा घास घेतला. तोही गेला. मग तिला रडू फुटलं, इतके दिवस साठलेलं. सासू घाबरून उठली. "काय झालं? अडलं?"

"नाही," थोरली रडत रडत म्हणाली. "जातंय. आई, जातंय."

सासूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा हात वाटीकडं केला. "मग रडतेस कशाला? खा. थंड होतंय."

तुकड्याचा निकाल आला तोही चांगला आला. नवऱ्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि बस सुटेपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.

घरी आल्या आल्या थोरली काही पैलवान झाली नाही. रक्त भरायला वेळ लागतो. पण रोज सकाळी उठल्यावर आज कालच्यापेक्षा बरं आहे, हे तिला पायांत कळायचं. आवाराचं टोक जवळ आल्यासारखं वाटायचं. ओठांचे कोपरे भरून आले. भिंतीच्या पोपड्याकडं बघून काहीच वाटेनासं झालं, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. धाकटी रोज दुधाची वाटी आणून समोर ठेवायची आणि ती संपेस्तोवर हलायची नाही. माफी मागायला तिला जमत नव्हतं. एक दिवस थोरलीच म्हणाली, "निम्मं तू पी. दिवसभर चालतेस."

"जाऊबाई, टाचेला खरंच कळतं," धाकटी वाटीत बघत म्हणाली. तेवढ्यावर दोघींचं मिटलं.

धाकटीचं सूत आता तुटत नव्हतं. म्हणून थोरलीनं आपली जागा हिसकावून घेतली नाही. सकाळी एकीनं, दुपारी दुसरीनं, असं दोघींनी वाटून घेतलं. पहिल्या दिवशी थोरली वाख कमरेला बांधून उभी राहिली आणि नवऱ्यानं चाकाला हात घातला. ती टाच टेकवत मागं मागं निघाली, न थांबता पलीकडच्या कुंपणाला पाठ टेकेपर्यंत गेली. नवरा आकड्यांना तेल घालायला वाकला.

"राहू दे तेल," ती लांबून ओरडली. "फिरवा चाक."

सुताचे पेड झाले. मग तीन पेडांचा एक दोर वळायचा दिवस आला. हे सगळ्यात अवघड काम. तीन खाचांचा लाकडी भोवरा तीन पेडांमध्ये धरून एका माणसानं चालायचं असतं. त्याच्या मागं दोर वळला जातो. हात पुढं पळाला तर दोर सैल, मागं राहिला तर पेड एकमेकांना चावतात. दीर भोवरा घेऊन उभा होता. त्यानं तो हातात फिरवला, थोरलीकडं बघितलं आणि तिच्यापुढं धरला.

"वहिनी, तुम्हीच घ्या," तो म्हणाला. "मी ओढायला थांबतो."

एवढ्यातच त्याचं सगळं बोलून झालं होतं. थोरलीनं भोवरा घेतला. सगळं घर कामाला लागलं. नवरा चाकावर, दीर दुसऱ्या टोकाला पेड ताणून धरणाऱ्या घसरगाडीवर, धाकटी पेड सावरायला, सासू बसल्या जागेवरून सगळ्यांना शिव्या द्यायला. पेडांत पीळ भरला, तसे ते तिच्या हातात जिवंत जनावरासारखे थरथरू लागले. थोरलीनं पाय रोवले, मनगट घट्ट केलं आणि पावलाला पाऊल लावत चालत राहिली. घामानं डोळे भरले तरी तिनं ते पुसले नाहीत. छाती धडधडत होती, पण ती कामाची धडधड होती. तिच्या मागं दोर वळत गेला, जाड, घट्ट, एकसारखा. ती चाकापाशी पोचली तेव्हा नवऱ्यानं चाक सोडलं आणि दोरावरून हात फिरवला. तो हात पुढं सरकत गेला, कुठंच अडला नाही.

नदी चढायला लागली होती. पाणी गढूळ होऊन काठाच्या दगडांना लागलं होतं. दोर बैलगाडीत घालून काठावर नेला. माणसांनी तो ओढत, वादावादी करत पलीकडं नेला आणि दोन्हीकडच्या खांबांना ताणला. नावाड्यानं दोराला लोंबकळून पाहिलं, तो त्यावर उभं राहायचा प्रयत्न करताना पाण्यात पडला, वर आला आणि म्हणाला, "उत्तम आहे." लोक हसले. नाव अलीकडं आली. तिच्यात सगळ्यात आधी म्हैसच चढली.

पहाटेपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. सासूनं टोपली उघडली. आदल्या दिवसाचा जाड पाव, कांदा आणि उकडलेली अंडी. ज्याच्या हातात जे आलं ते त्यानं उचललं. थोरलीनंही पावाचा तुकडा आणि एक अंडं उचललं. तेवढ्यात तिला खांबाची गाठ दिसली.

"ही गाठ कुणी मारली?" ती तरातरा तिकडं गेली. "अशी मारली तर चार दिवसांत दोर इथं घासेल. खाली गोणपाट घाला. एवढं आम्ही वळायचं आणि तुम्ही खांबाला करवतायचं होय?"

"वहिनी, मी जन्मभर नाव हाकतोय," नावाडी अंगाचं पाणी निथळत म्हणाला.

"म्हणूनच तुटला ना दोर," ती म्हणाली. तोंडात पाव होता. तिनं तुकडा मोडला, तोंडात टाकला, दोराला हात लावून दाखवला, पुन्हा मोडला. "इथून वेढा घ्यायचा, असा. आणि टोक आत दाबायचं. सोडा, मीच करते. पाव धरा हा." तिनं अंडं दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी गाठ सोडायला लागली. गाठ नव्यानं बांधली, अंडं खाल्लं, पावाची कडक कड कुरकुर चावली, आणि चावता चावता गोणपाट कसं घालायचं ते नावाड्याला बजावत राहिली.

तिचं बोलणं संपलं तेव्हा तिला जाणवलं की मागं सगळे गप्प आहेत. ती वळली. सासू टोपलीपाशी तोंडाला हात लावून बसली होती. धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं. नवरा पाण्याचा पेला हातात घेऊन तिच्यामागं उभा होता. केव्हाचा उभा होता कोण जाणे.

"पाणी?" तो म्हणाला.

"कशाला?" थोरली म्हणाली.

आणि मग तिनं आपल्या रिकाम्या हाताकडं बघितलं. बोटांना पावाचा चुरा लागला होता. अख्खा तुकडा, कोरडा, शिळा, कडेसकट, तिनं उभ्या उभ्या, भांडता भांडता खाल्ला होता, आणि एकाही घासाकडं तिचं लक्ष गेलं नव्हतं. तिचा हात गळ्याकडं जायला निघाला आणि मध्येच थांबला. तिनं चुरा झटकला आणि टोपलीकडं गेली.

"अजून आहे का?"

"माझा आहे," सासू म्हणाली.

"द्या मग," थोरली म्हणाली आणि तिच्या हातातला पाव काढून घेतला.